मोठ्या फायली असलेल्या डेटाबेसचा बॅकअप आणि त्याची पुनर्स्थापना

छायाचित्रे, स्कॅन केलेले दस्तऐवज, ध्वनिमुद्रणे किंवा कापडावर छापावयाच्या नक्षीच्या फायली जेव्हा डेटाबेसच्या रकान्यातच साठवल्या जातात, तेव्हा अशा सामग्रीस ‘ब्लॉब’ असे म्हणतात. नावे, रकमा व तारखा यांचा बॅकअप घेण्याची जी पद्धत वर्षानुवर्षे निर्धोक ठरते, तीच ब्लॉबच्या बाबतीत ऐनवेळी दगा देऊ शकते.

सुरत महानगरपालिकेच्या हद्दीतील गोडादरा आणि त्याच्या परिसरातील लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी भाषकांची, विशेषतः खानदेशातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सुरतेचा मुख्य व्यवसाय साड्या व कृत्रिम धाग्याचे कापड. त्यामुळे तेथील उदाहरण घेतल्यास प्रश्न सहज समजतो. साडेपाच मीटर लांब व १.१ मीटर रुंद साडीचे संपूर्ण चित्र इंचाला १५० बिंदू या घनतेने चार रंगांत तयार केल्यास त्यात सुमारे २१ कोटी बिंदू येतात. प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास संकोचन न केलेली एकच फाइल सुमारे ८४ कोटी बाइटची होते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘बाइटिया’ प्रकारच्या रकान्याची मर्यादा १ जीबी, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट आहे. ही फाइल तेथे साठवता येते. मात्र ‘पीजी-डम्प’ने बॅकअप घेताना प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो, आकार दुप्पट होऊन मर्यादेबाहेर जातो आणि बॅकअप त्रुटी देऊन थांबतो. याच डेटाबेसमधील ‘लार्ज ऑब्जेक्ट’ हा प्रकार ४ टीबीपर्यंत सामग्री तुकड्यांत ठेवतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. परंतु केवळ निवडक तक्त्यांचा बॅकअप घेतल्यास लार्ज ऑब्जेक्ट आपोआप समाविष्ट होत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये अडचण बहुधा पुनर्स्थापनेच्या वेळी उद्भवते. ८.० आवृत्तीत सर्व्हर एका वेळी स्वीकारत असलेल्या संदेशाची मूळ मर्यादा ६४ एमबी आहे. ती जुन्या सर्व्हरवर वाढवलेली असेल आणि नव्या सर्व्हरवर नसेल, तर व्यवस्थित घेतलेला बॅकअपही मोठ्या नोंदीपाशी अडतो. ही मर्यादा कमाल १ जीबीपर्यंतच वाढवता येते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, डेटाबेसच्या मूळ फायलींचीच प्रत घेण्याचा. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-बेसबॅकअप’ हे काम करते. यात अक्षरांत रूपांतर होत नाही. मात्र पुनर्स्थापनेसाठी तीच मुख्य आवृत्ती लागते. दुसरा मार्ग म्हणजे फाइल बाहेर ठेवून डेटाबेसमध्ये केवळ तिचा पत्ता नोंदवणे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या २००६ सालच्या एका अभ्यासात २५६ केबीपेक्षा लहान वस्तूंसाठी डेटाबेस, तर १ एमबीपेक्षा मोठ्या वस्तूंसाठी फाइल व्यवस्था सरस आढळली होती.

फायली बाहेर ठेवल्यास बॅकअपचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी डेटाबेसची आणि नंतर फायलींची प्रत घ्यावी. दरम्यान कोणतीही फाइल पुसू अथवा बदलू नये. असे केल्यास डेटाबेसमधील प्रत्येक पत्त्यामागे फाइल असतेच. उलट क्रमाने घेतल्यास पत्ता आहे पण फाइल नाही, अशा नोंदी उरू शकतात.

घेतलेला बॅकअप तपासणे हे याहून महत्त्वाचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी सामग्री चुकून पुसली गेली. आवृत्त्या न जुळल्याने नित्याचा बॅकअप निघतच नव्हता, हे तेव्हा उघड झाले. सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती होती. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. म्हणून ठरावीक काळाने दुसऱ्या यंत्रावर पूर्ण पुनर्स्थापना करून पाहावी. नोंदींची संख्या मोजावी आणि साठवतानाच नोंदवलेल्या ‘शा-२५६’ या पडताळणी-मूल्याशी प्रत्येक ब्लॉब ताडून पाहावा.

प्रत कोठे ठेवली आहे, हाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि तापीकाठचे सुरत शहर मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेले. अशा वेळी संगणक व त्याशेजारच्या कपाटातील डिस्क एकाच वेळी बुडतात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा प्रचलित नियम पाळावा. मुसळधार पावसाच्या गोव्यात स्कॅन केलेले दस्तऐवज सांभाळणाऱ्या लहान संस्थांनाही हाच नियम लागू पडतो.