टिपणवही आणि अँटेना

लेखनसाधनांचा इतिहास सांगताना आपण बोरू, टाक, टंकयंत्र, संगणक अशी एक सरळ रेषा ओढतो. खिशात मावणाऱ्या अंकीय दैनंदिनीला या रेषेत सहसा स्थान मिळत नाही. तीवर लिहिले जाई ते भेटींच्या वेळा, पत्ते आणि वाणसामानाच्या याद्या. म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाने ज्याकडे पाहू नये असे मानले जाते ते सारे. तरीही लिहिणाऱ्याचे आपल्या वेळेशी असलेले नाते कसे पालटले हे पाहायचे असेल, तर या अल्पायुषी यंत्राकडे वळावेच लागते.

ॲपलने १९९३ साली 'न्यूटन मेसेजपॅड' बाजारात आणला, तेव्हा हे यंत्र माणसाचे हस्ताक्षर वाचील अशी ग्वाही होती. त्याच्या वाचनचुका इतक्या गाजल्या की गॅरी ट्रूडो यांच्या 'डून्सबरी' या चित्रमालिकेने त्यांची यथेच्छ टिंगल केली. जेफ हॉकिन्स यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. यंत्राला माणसाचे अक्षर शिकता येत नसेल, तर माणसाने यंत्राचे शिकावे. त्यांनी आधी खिशात मावेल एवढा एक लाकडी ठोकळा घडवला आणि तो बरोबर बाळगला. भेट ठरवायची वेळ आली की ते ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्याचा अभिनय करीत. हा ठोकळा आता कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. त्यातून १९९६ साली 'पायलट' आला: दोन बारीक सेल, आणि दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी व टिपणे यांसाठी चार कळा. किंमत २९९ डॉलरांपासून पुढे.

त्यासाठी शिकायच्या लिपीचे नाव 'ग्राफिटी'. रोमन अक्षरांची ही एका फटकाऱ्यात लिहिता येतील अशी रूपे होती. 'ए'ची मधली आडवी रेघ त्यात गळून पडली. मराठी वाचकाला येथे मोडीची आठवण होणे साहजिक आहे. मोडीही हात न उचलता भराभर लिहिता यावे म्हणूनच वळली. पण ती वळली कारकुनाच्या सोयीने, आणि तिचा वाचक माणूसच होता. ग्राफिटीचा वाचक यंत्र. अक्षर काढताच ते नाहीसे होई आणि त्याऐवजी छापील वळणाचे अक्षर उमटे. मोडी कागदावरून जाणकाराला लेखकाचा हात ओळखता येतो. ग्राफिटीत असंख्य लोकांनी लिहिले, हस्ताक्षर मात्र मागे उरले नाही. शिवाय ही लिपी मालकीहक्काच्या वादातही सापडली. ती आपल्या संशोधनावर बेतलेली आहे असा दावा झेरॉक्सने १९९७ साली लावला; तडजोड व्हायला २००६ साल उजाडले.

इथवरची ही वही बंद होती. संगणकाशेजारच्या खाचेत ठेवून कळ दाबली की दोन्हीकडच्या नोंदी जुळत, एवढाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध. १९९९ सालच्या 'पाम सेव्हन'ला कडेला उघडमिटीचा अँटेना आला. तो उभा केला की यंत्र अमेरिकेतील 'मोबिटेक्स' या बिनतारी जाळ्याशी जोडले जाई आणि हवामान, समभागांचे भाव, एखादे छोटे ईमेल हाती येई. दरमहा सुमारे दहा डॉलरांत पन्नास किलोबाइट मजकूर मिळे. (प्रस्तुत लेख युनिकोडमध्ये दहा किलोबाइटांच्या आसपास भरावा; म्हणजे महिन्याला असे पाच.) म्हणून पूर्ण पान न मागवता उत्तरापुरते कात्रण मागवायचे, अशी रीत पडली. तिला नावही 'वेब क्लिपिंग' असेच होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील कळीची गोष्ट तो अँटेनाच होय. जोडणी ही तेव्हा हाताने करायची कृती होती. अँटेना खाली केला की वही पुन्हा मालकाची.

त्याच वर्षी कॅनडातील 'रिसर्च इन मोशन'ने ब्लॅकबेरी सेवा सुरू केली आणि ही कृतीच अनावश्यक ठरली. ईमेल आणायला जावे लागेना. ते आपसूक येऊन पडे. ११ सप्टेंबर २००१ रोजी दूरध्वनीची जाळी तुंबली असताना ही यंत्रे चालली. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या सदस्यांना ती दिली. पायलट बहुधा ज्याने त्याने स्वतः विकत घेतला होता. ब्लॅकबेरी बहुधा कचेरीने हाती ठेवली. हा फरक किरकोळ नव्हे. पायलटमध्ये माणूस आपल्या दिवसाची नोंद करी. ब्लॅकबेरीचा लुकलुकता लाल दिवा त्याच्या दिवसात दुसऱ्याची नोंद करू लागला. जेवणाच्या ताटावर, नाटकाच्या मध्यंतरात, आजाऱ्याच्या उशाशी. २००६ साली 'वेबस्टर्स न्यू वर्ल्ड' कोशाने 'क्रॅकबेरी' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्यातला 'क्रॅक' कोकेनच्या नशेचा. व्यसनाचा ठपका वापरणाऱ्यावर ठेवणारा हा शब्द मला अपुरा वाटतो. यंत्र ज्याने दिले, त्याचे नाव त्यात कुठेच येत नाही.

४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी यंत्रांची सेवा थांबली. पहिल्या पायलटची स्मृती सेल संपले की पुसली जाई. शाबूत राहिलेल्या एखाद्या पायलटमध्ये आज नवे सेल घातले, तर तो सुरू होतो आणि कोरे पान समोर धरतो.