गिरमिट आणि बुचाचा पीळ

माझं आजोळ अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. आजोबा सुतार होते. बंडीच्या जुवाला किंवा वखराच्या लाकडाला भोक पाडायचं असलं की ते गिरमिट काढायचे. आडवा लाकडी दांडा, खाली पोलादी पीळ. तो लाकडात फिरू लागला की भुसा वर येई. मी सात-आठ वर्षांचा असताना एरंडेलाच्या बाटलीचं बूच अडकलं होतं. मी आजोबांचं गिरमिट त्यात घातलं आणि बुचाचा चुरा तेलात पडला. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गिरमिटानं भोक पडते बाबू, बूच नाही निघत."

पुढे मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये टर्नर झालो आणि तिथेच पोरांना लेथवर आटे पाडायला शिकवण्यात सारी नोकरी गेली. मागच्या दिवाळीत मुलगी नाशिकहून आली. येताना लाल वाइनची बाटली आणि एक स्वस्त बूचकाढणं घेऊन आली होती. आमच्या घरात अशी बाटली पहिल्यांदाच उघडत होती. जावयांनी जोर लावला, तेव्हा मळसूत्र एकटंच वर आलं आणि बूच अर्धं चुरगळून बाटलीत पडलं. मी ते मळसूत्र हातात घेऊन पाहिलं. मधोमध जाड दांडी आणि तिच्याभोवती धारदार आटे. हे आजोबांचं गिरमिटच होतं.

त्या दिवसापासून मी या हत्याराचा माग काढतोय, आणि तो माग फिरून माझ्या आजोळीच येतो.

बूच काढायचं मळसूत्र वाइनवाल्यांनी शोधलेलं नाही, ते बंदुकवाल्यांकडून आलेलं दिसतं. ठासणीच्या बंदुकीत बार अडकला, गोळी उडाली नाही, तर गजाच्या टोकाला पिळाचा आकडा लावून आतला डाट आणि कागद ओढून काढत. तोच पीळ बाटलीच्या तोंडाशी आला. बाटलीतून बूच काढणाऱ्या पोलादी पिळाचा लेखी उल्लेख इंग्लंडमध्ये 1681 साली नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञानं केलेला आहे. बूचकाढण्याचं पहिलं इंग्रजी पेटंट 1795 मध्ये सॅम्युअल हेनशॉल या पाद्र्यानं घेतलं. त्यानं मळसूत्राच्या वरच्या टोकाला एक गोल चकती बसवली. पीळ पूर्ण आत गेला की चकती बुचावर टेकते. मूठ आणखी फिरवली की बूचही फिरतं आणि काचेशी धरलेली त्याची पकड सुटते.

त्यानंतर आठच वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1803 रोजी, अडगावच्या मैदानात भोसले आणि शिंद्यांच्या फौजांशी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. 15 डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्लाही पडला. ठासणीच्या बंदुका त्या रानात कडाडल्या तेव्हा बार उपसायचे पिळाचे आकडेही तिथे होतेच. हाच वेलस्ली पुढे 1808 मध्ये पोर्तुगालात लढायला उतरला, आणि जगातलं जवळपास अर्धं बूच आज त्याच देशात तयार होतं. माझ्या आजोळच्या रानातून बुचाच्या रानाकडे गेलेला हा माणूस मला इतिहासाच्या पुस्तकात कुणी दाखवला नव्हता.

आपल्याकडे 'बूच' म्हटलं की आधी झाड आठवतं. आश्विन-कार्तिकात रात्री पांढऱ्या लांब दांड्यांच्या फुलांचा सडा पडतो, तो बुचाचा. त्याची साल भुसभुशीत असते, कमी प्रतीच्या बुचासाठी ती वापरत, म्हणून हे नाव. खरं बूच मात्र कॉर्क ओक या झाडाच्या सालीचं. ते झाड पंचवीस वर्षांचं झालं की पहिली साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या कामाची साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. आमच्या वऱ्हाडात हे बूच वाइनवर बसून नाही, औषधाच्या बाटलीवर बसून आलं. सरकारी दवाखान्यात घरूनच बाटली न्यायची, कंपाउंडर मिक्श्चर भरायचा, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा आणि वर बूच दाबायचा. ते बूच अंगठ्यानं निघे, त्यामुळे बूचकाढणं घरात असायची गरजच नव्हती.

वाइनच्या बुचाचं तसं नाही. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण 18-19 मिलिमीटर आणि बूच मुळात 24 मिलिमीटरचं. ते दाबून आत बसवतात आणि आत गेल्यावर ते फुगून काचेला घट्ट धरतं. आम्ही वर्कशॉपमध्ये याला इंटरफियरन्स फिट म्हणायचो. इतकी पकड सोडवायला मनगटाचा जोर कमी पडतो, म्हणून 1882 मध्ये जर्मनीतल्या रॉस्टॉकच्या कार्ल विंकेनं मूठ हीच तरफ केली. बाटलीच्या काठावर पाय टेकवायचा आणि मूठ उचलायची. हॉटेलातल्या वाढप्याच्या खिशात आजही तेच असतं. 1888 मध्ये इंग्लंडात दोन तरफांच्या बूचकाढण्याचं पेटंट निघालं. दोन पंखांची जी दिसतात ती त्याच कुळातली. 1979 मध्ये ह्यूस्टनच्या हर्बर्ट अ‍ॅलन या तेलक्षेत्रातल्या इंजिनिअरनं पिळावर टेफ्लॉनचा लेप दिला, मग तो बुचात सहज सरकू लागला.

या सगळ्यांत तरफ बदलत गेली, पिळावर लेप आला. बूच धरायचं काम मात्र पिळाचंच राहिलं. गिरमिट बुचाचं द्रव्य खरवडून बाहेर काढतं, तारेचा पीळ तंतूंमधून वाट काढत आत शिरतो. ओढताना पहिल्याचे आटे बूच कापतात, दुसरा सगळ्या लांबीभर त्याला धरून ठेवतो. माझ्या आजोबांचं एक वाक्य हेच सांगत होतं.

नारायणगावला शामराव चौगुलेंनी वाइनचा उद्योग उभारला तो 1980 च्या दशकात. सुलाची नाशिकची वायनरी 2000 साली सुरू झाली आणि 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. आता आमच्यासारख्या घरांतही बाटली येते. पुष्कळ बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यांना हत्यार लागत नाही. ज्यांना बूच असतं त्यांच्यासाठी महागडं यंत्र घ्यायची गरज नाही.

मी अकोल्याच्या टिळक रोडवर एका भांड्यांच्या दुकानात अडीचशे रुपयांचं, विंकेच्या धाटणीचं घेतलं. दुकानदाराकडे काडेपेटी मागितली. पिळाच्या मधून काडी आरपार गेली, म्हणजे मधे दांडी नव्हती. टोक अणकुचीदार आणि पिळाच्याच वळणात होतं, मधोमध उभं नव्हतं. वळणं पाच, लांबी पाच सेंटिमीटर, तार नखाखाली गुळगुळीत. रिव्हेट हलत नव्हतं. काठावर टेकवायच्या पायाला दोन खाचा होत्या, त्यामुळे बूच दोन टप्प्यांत सरळ वर येतं, तिरकं होऊन मोडत नाही.

संक्रांतीला मुलगी पुन्हा आली. टोक मध्यापासून किंचित बाजूला ठेवून मी तिच्या हाती मूठ दिली आणि फिरवायला सांगितलं. बूच सबंध निघालं, बाटलीत कणही पडला नाही. त्या बूचकाढण्याला मी आजोबांच्या लाकडी पेटीत, त्यांच्या गिरमिटाशेजारी जागा दिली. नातू पेटी उघडेल तेव्हा दोन्ही त्याच्या हातात देईन आणि विचारीन, यातलं कुठलं भोक पाडतं आणि कुठलं धरतं?