कृत्रिम अवयव आणि खेळ

जबलपूर म्हटले म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाहणारी नर्मदा डोळ्यांपुढे उभी राहते. याच नगरात १९०४ सालापासून तोफगाड्यांचा कारखाना आहे; आणि कानपूर येथे १९७२ साली स्थापन झालेल्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाचे एक साहाय्यक उत्पादन केंद्रही येथेच आहे. एकीकडे युद्धाची सामग्री घडते, दुसरीकडे अपंगांना आधार देणारी साधने.

परंतु साधन हाती आले म्हणजे माणूस सावरला, असे होत नाही. कृत्रिम पायावर तोल सांभाळणे, कृत्रिम हाताची मूठ उघडणे व मिटणे, या गोष्टी शेकडो वेळा कराव्या तेव्हा अंगवळणी पडतात. तोच तो व्यायाम लवकरच कंटाळवाणा होतो, आणि मोठ्या आशेने आणलेला अवयव घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. या कंटाळ्यावर वैद्यकाला एक उपाय सापडला, तो खेळाचा.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न तीव्र केला. हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत खेळाला मानाचे स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, तेथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरली. आपल्याकडील उदाहरण सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गमावलेला हा जवान उपचार म्हणून पोहू लागला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले.

पुढे खेळ पडद्यावर आला. हात तुटला तरी उरलेल्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्-लहरी उमटतच असतात. त्या टिपून पडद्यावरील मोटार चालविता येते. खेळणारा शर्यतीत रमतो आणि नकळत स्नायूंना वळण लागते. एवढेच नव्हे, तर नसलेल्या हाताच्या ज्या वेदना कित्येकांना वर्षानुवर्षे छळतात, त्यांवरही याचा उपयोग दिसून आला. स्वीडनमधील संशोधक मॅक्स ऑर्टिझ कॅटलान यांनी २०१४ साली अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची वेदना ४८ वर्षांची जुनी होती. २०१६ साली १४ रुग्णांवर हा उपचार करून पाहिला, तेव्हा वेदना सरासरीने निम्म्यापर्यंत उतरल्याचे आढळले. तुलनेसाठी दुसरा गट त्या प्रयोगात नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

पडदा असो वा साधा चेंडू, तत्त्व एकच. खेळताना माणसाचे लक्ष गमावलेल्या अवयवावरून उठून साधावयाच्या नेमावर जाते. जबलपुरात घडलेले साधन दूरच्या खेड्यात पोहोचते, तेव्हा ते वापरण्याची शिकवणही त्याच्याबरोबर गेली, तरच त्या साधनाचे सार्थक होईल.