भिक्षापात्रात पडेल ते

"तुम्ही बुद्धाला मानता ना? मग घरात सुकट कशी शिजते?" हा टोमणा आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐकला असेल. मुंबईच्या उपनगरांत तर मच्छी-मटण खाणाऱ्यांना कुठे कुठे भाड्याने घरही मिळत नाही. म्हणून आज याचं मूळ पाहू, आणि त्यासाठी बोरिवलीच्या डोंगरात जाऊ.

तिथे राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. सुमारे हजार वर्षं तिथे भिक्षू राहिले. कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांनी त्यांना दानं दिली. दात्यांत गृहिणी आहेत, भिक्षुणीही आहेत. काही शिलालेखांत 'अक्षयनीवी' आहे, म्हणजे मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजातून भिक्षूंना चीवर द्यायचं. बचत गटातल्या बायांना हा हिशेब समजावून सांगायला नको!

विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्षूने स्वतः रांधायचं नाही, भिक्षापात्रात पडेल ते खायचं. त्यात मांस आलं तर? बुद्धांनी तीन अटी घातल्या. तो जीव आपल्यासाठी मारताना पाहिलेला नसावा, तसं ऐकलेलं नसावं, तशी शंकाही नसावी. देवदत्ताने मागणी केली, की सर्व भिक्षूंना मांस-मासे बंदच करा. बुद्धांनी ती मानली नाही.

आता वाराणसीच्या सुप्रियेची गोष्ट ऐका. पालीत तिला सुप्पिया म्हणतात. एका आजारी भिक्षूला मांसाचा रस्सा हवा होता. तिने नोकराला गावभर फिरवलं, पण त्या दिवशी कुठेच मांस मिळालं नाही. शब्द दिला होता, म्हणून तिने स्वतःच्या मांडीचं मांस कापून रस्सा करायला दिला. बुद्धांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला नाही, त्या भिक्षूला खडसावलं: खाण्याआधी विचारलं का नाहीस? गोष्टीत चमत्कारही आहे, तिची जखम बरी होते. मला मात्र तो प्रश्नच मोठा वाटतो. वाढणारीने काय सोसलं, हे खाणाऱ्याने विचारायला नको का? त्या प्रसंगापासून माणसाचं मांस निषिद्ध झालं, पुढे हत्ती, घोडा, कुत्रा, साप यांचंही.

गृहस्थांना मांसाचा व्यापार करू नका असंही सांगितलं आहे, हे लपवायचं कारण नाही. पुढे महायान पंथातल्या लंकावतार सूत्राने तर मांस पूर्ण वर्ज्य ठरवलं. महायान कान्हेरीतही पोचलं होतं, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर तिथे कोरलेला आहे.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारूबंदी आहे, मांस सोडण्याची प्रतिज्ञा नाही. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी फरक केला आहे तो गरजेपोटी मारणं आणि मारण्याची हौस यांत.