प्राणीकल्याण संस्थांचे मूल्यमापन : संशोधकाच्या कामाचे स्वरूप

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना मिळालेल्या देणगीतून प्रत्यक्षात किती प्राण्यांचे, कितपत आणि किती काळासाठी भले झाले, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या संशोधकांचा एक लहानसा वर्ग गेल्या काही वर्षांत तयार झाला आहे. या क्षेत्रात सर्वाधिक परिचित असलेली संस्था म्हणजे 'ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स'. ब्रिटनमधील '८०,००० अवर्स' या संस्थेचा उपक्रम म्हणून २०१२ साली 'इफेक्टिव्ह ॲनिमल ॲक्टिव्हिझम' या नावाने तिचा आरंभ झाला आणि २०१३ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ही संस्था अमेरिकेत नोंदणीकृत असली, तरी तिचे कर्मचारी वेगवेगळ्या देशांतून, आपापल्या घरून काम करतात. जगभरातील प्राणीविषयक संस्थांची तपासणी करून त्यांपैकी मोजक्या संस्थांची शिफारस देणगीदारांना करणे, हे तिचे मुख्य काम होय. ही शिफारस साधारणपणे नोव्हेंबर महिन्यात जाहीर केली जाते, कारण पाश्चात्त्य देशांत वर्षाखेरीस देणग्यांचा ओघ वाढतो.

प्राण्यांसाठी दान देण्याची परंपरा भारताला नवी नाही. मुंबईचे पांजरपोळ १८३४ सालचे आहे. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी देशातील पहिली संस्था १८६१ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ अस्तित्वात आले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. तथापि दानाचे पुण्य देणाऱ्याच्या पदरी पडले की विषय संपला, अशीच धारणा दीर्घकाळ राहिली. त्या दानाचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. पाश्चात्त्य देशांतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. संस्थेचा प्रशासकीय खर्च एकूण खर्चाच्या किती टक्के आहे, यावरूनच तिची पारख केली जात असे. २००७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'गिव्हवेल' या संस्थेने मानवी आरोग्य आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या क्षेत्रात ही दृष्टी बदलली. कार्यालयाचे भाडे कमी असलेली संस्था परिणामकारक असेलच असे नाही, हे तिने दाखवून दिले. तोच विचार पुढे प्राण्यांच्या क्षेत्रात आला.

मूल्यमापनाची एक फेरी कित्येक महिने चालते. प्रथम अनेक संस्थांच्या कामाचा ढोबळ आढावा घेतला जातो आणि त्यांतून काही निवडक संस्थांना सविस्तर तपासणीसाठी बोलावले जाते. संस्थेने कोणते कार्यक्रम हाती घेतले, त्यांवर किती खर्च झाला, त्यांतून काय निष्पन्न झाले, अधिक निधी मिळाल्यास तो कोठे वापरला जाईल, कर्मचाऱ्यांना कशी वागणूक मिळते, यांविषयी प्रश्न पाठविले जातात. आलेल्या उत्तरांची छाननी, हिशेबांची पडताळणी, मुलाखती आणि उपलब्ध शास्त्रीय साहित्याचे वाचन यांत संशोधकाचा बहुतेक वेळ जातो. अहवालाचा मसुदा प्रसिद्धीपूर्वी संबंधित संस्थेला दाखविला जातो. येथे एक अडचण उद्भवते. संस्थेच्या सहकार्याविना माहिती मिळत नाही, आणि परखड निष्कर्ष काढल्यास पुढच्या वेळी सहकार्य मिळेलच याची शाश्वती नसते.

अधिक निधी सामावून घेण्याची क्षमता हा निकष वाचकाला कदाचित अनपेक्षित वाटेल. एखादी संस्था उत्तम काम करीत असेल, परंतु तिच्याकडे पुढील दोन वर्षांचा पैसा आधीच जमा असेल, तर नव्या देणगीमुळे फारसा फरक पडत नाही. तीच रक्कम दुसऱ्या, तुलनेने साधारण संस्थेला मिळाल्यास अधिक उपयोगी ठरू शकते. म्हणजे संशोधकाच्या शिफारशीचा विषय संस्थेचा गुणगौरव नसून पुढील रुपयाचा उपयोग हा असतो. संस्थाचालकांना हा भेद पटवून देणे कठीण जाते, आणि ते स्वाभाविकही आहे.

तसे झाले नसते तर

या संशोधनाचा गाभा ज्या संकल्पनेत आहे, तिला इंग्रजीत 'काउंटरफॅक्चुअल' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही, पण शालेय व्याकरणातील संकेतार्थी वाक्य हेच काम करते : पाऊस पडला असता तर पीक आले असते. संस्थेने हस्तक्षेप केला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर मिळाल्याखेरीज तिच्या कामाचे श्रेय ठरविता येत नाही. आणि जे घडलेच नाही, त्याची मोजणी करायची असल्यामुळे हे उत्तर कधीच पूर्णपणे निश्चित नसते.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पिंजऱ्यातून मुक्त करण्याची मोहीम हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिका आणि युरोपातील संस्थांनी मोठ्या खाद्यपदार्थ कंपन्यांवर दबाव आणून पिंजऱ्यातील कोंबड्यांची अंडी वापरणार नाही, अशी लेखी वचने मिळविली. अमेरिकेत २०२४ पर्यंत अंडी देणाऱ्या सुमारे ४० टक्के कोंबड्या पिंजऱ्याबाहेर होत्या. परंतु याच काळात कॅलिफोर्निया राज्यात २००८ आणि २०१८ साली मतदारांनी सार्वमताद्वारे कायदे संमत केले. मग या बदलाचे श्रेय वचनांना द्यावे की कायद्याला? अनेक संस्थांनी मिळून चालविलेल्या मोहिमेत एका संस्थेचा वाटा किती मानावा? दिलेले वचन कंपनीने पाळले की नाही, हे कोण पाहणार? 'रिथिंक प्रायॉरिटीज' या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात अशा मोहिमांवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे कोंबड्यांच्या आयुष्याची ९ ते १२० वर्षे प्रभावित होतात, असा अंदाज वर्तविण्यात आला. या दोन आकड्यांत तेरा पटींहून अधिक अंतर आहे. हे अंतर लपवून मधला एखादा आकडा पुढे करणे सोपे होते. तसे केले गेले नाही, यातच त्या विश्लेषणाची विश्वासार्हता आहे. शिवाय येथे 'प्रभावित' हा शब्द महत्त्वाचा आहे. पिंजऱ्याबाहेरील कोंबडीलाही यातना असतात आणि अखेर तिची कत्तलही होते.

आधीचे निष्कर्ष मागे घेण्याचे प्रसंगही या क्षेत्रात आले आहेत. २०१० नंतरच्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या आवारात मांसाहारविरोधी पत्रके वाटणे हा अत्यंत स्वस्त आणि प्रभावी उपाय समजला जात होता. पत्रक वाचलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवर हे अनुमान आधारलेले होते. लोक काय खातात आणि काय खातो म्हणून सांगतात, यांत तफावत असते. शिवाय पत्रक न मिळालेल्या विद्यार्थ्यांशी योग्य तुलनाही झालेली नव्हती. ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्सने २०१७ मध्ये या विषयाचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हा उपलब्ध पुरावा तोकडा असल्याचे मान्य करण्यात आले. मधल्या काळात ज्या देणगीदारांनी आधीच्या अनुमानावर विसंबून पैसे दिले, त्यांचे पैसे अर्थातच खर्च झाले होते.

संख्येचे दडपण

कुत्रा, मांजर, गाय या प्राण्यांविषयी माणसाला जिव्हाळा वाटतो आणि देणग्याही त्याच दिशेने जातात. ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्सच्या गणनेनुसार अमेरिकेत प्राण्यांसाठीच्या देणग्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्कम निवारागृहांना मिळते, तर अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या वाट्याला एक टक्क्याहूनही कमी येते. याउलट जगात दरवर्षी जमिनीवरील ८,००० कोटींहून अधिक प्राणी अन्नासाठी मारले जातात आणि त्यांत बहुसंख्य कोंबड्या असतात. मत्स्यशेतीत २०१९ या एका वर्षात मारल्या गेलेल्या माशांची संख्या ७,८०० कोटी ते १७,१०० कोटी असावी, असा अंदाज आहे. मासे नगावर नव्हे, वजनावर मोजले जातात, म्हणून ही संख्या इतकी अनिश्चित आहे. भारतातही २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक, तर गोवंशाची १९ कोटींहून अधिक नोंदविली गेली.

या आकड्यांमुळे संशोधकाचे लक्ष आंध्र प्रदेशातील मत्स्यतळ्यांकडे वळले. 'फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह' ही २०१९ साली स्थापन झालेली संस्था तेथील शेतकऱ्यांसोबत पाण्याची गुणवत्ता आणि तळ्यातील माशांची दाटी यांवर काम करते, आणि ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्सच्या शिफारशींत तिचा समावेश झाला आहे. अशा कामाच्या तपासणीत साध्या वाटणाऱ्या तपशिलाला मोठे मोल असते. तळ्याच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी उन्हात जास्त असतो. म्हणून केवळ दुपारी घेतलेल्या नोंदी समाधानकारक दिसल्या, तरी मासे रात्रभर गुदमरत असण्याची शक्यता उरते. नोंदवहीतील आकडा पाहण्याआधी तो कोणत्या वेळी घेतला, हे विचारणारा संशोधक येथे उपयोगी पडतो.

माशाच्या वेदनेची कोंबडीच्या वेदनेशी आणि कोंबडीच्या वेदनेची कुत्र्याच्या वेदनेशी तुलना कशी करावी, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. वेदनेची तीव्रता आणि तिचा कालावधी तासांत मांडण्याचे प्रयत्न सुरू आहेत. झिंगे, खेकडे यांसारख्या कवचधारी जीवांनाही संवेदना असल्याचे ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने मान्य केले. तरीही या तुलनेत शास्त्राबरोबरच नैतिक निवडीचा भाग राहतोच, आणि तो उघडपणे सांगणे एवढेच संशोधकाच्या हाती असते.

जयपूर आणि गोवा

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ होतात, मोजणी मात्र अभावानेच होते. अमुक इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, एवढे सांगून अहवाल पूर्ण केला जातो. वास्तविक शस्त्रक्रियांचा आकडा हा केवळ कामाचा हिशेब आहे, परिणामाचा नव्हे. हेच हजार निर्बीजीकरण शहरभर विखुरले, तर उरलेल्या माद्यांची पिल्ले ती उणीव भरून काढतात. ते एका भागात थोडक्या काळात झाले, तरच संख्या घटते.

जयपूरमधील कार्यक्रमाची नोंद म्हणूनच मोलाची आहे. तेथे नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात सुमारे २५ हजार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्यात आले. ठरावीक भागांत कुत्र्यांची प्रत्यक्ष पाहणी केली असता ६५ टक्के माद्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचल्याचे आणि कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या भागात माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले, तर शहराच्या अन्य भागांत ते वाढले. कार्यक्रम न झालेल्या भागाशी करता आलेली ही तुलनाच या निष्कर्षाला बळ देते.

गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात रेबीज निर्मूलनाचा कार्यक्रम राबविण्यात आला. लसीकरण पथकांना मोबाइल फोनवरील प्रणालीद्वारे गल्लीबोळांपर्यंत दिशा देण्यात आली आणि दरवर्षी ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून ७० टक्के प्रमाण गाठण्यात आले. कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात निरोगी मानवी आयुष्याचे एक वर्ष वाचविण्यासाठी ५२६ डॉलर खर्च आल्याचे दाखविण्यात आले. मात्र या हिशेबात माणसाचे आयुष्य मोजले गेले, कुत्र्याचे नाही. मूल्यमापनाचा मापदंड कोणी निवडला, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे यातून लक्षात येते.

भारतातील परिस्थिती

भारतात प्राणीकल्याण संस्थांची अशी स्वतंत्र तपासणी अद्याप रुजलेली नाही. प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी संस्थेचा कायदेशीर दर्जा सांगते, कामाचा परिणाम नव्हे. परदेशी शिफारशींचा लाभही मर्यादित संस्थांनाच होतो. विदेशी अभिदाय नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परदेशातून मिळालेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत गावपातळीवरील लहान संस्थेला मदत पोहोचविण्याचा मार्ग बंद झाला आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चास पात्र विषयांत प्राणीकल्याणाचा समावेश केला. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार, ज्या कंपन्यांचे हे दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र यंत्रणेकडून करवून घ्यावे लागते. त्याहून लहान प्रकल्पांना ही अट लागू नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी चालणारे श्वान निर्बीजीकरण केंद्र किंवा जखमी गुरांचा दवाखाना या मर्यादेच्या बराच खाली राहतो, आणि त्याच्या नोंदवह्या तपासणारे कोणी नसते.