अल्पवयी अपराधी व अन्तेवासीचा करार

मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहितांना पाठशाळा व महाविद्यालयें यांचा परामर्श विस्तारानें घेतला जातो. अपराधी ठरलेल्या मुलांच्या हातास धंदा लावण्यासाठीं निघालेल्या शाळांस मात्र त्यांत एखादी ओळच मिळते. 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनीं इ. स. १८५० मध्यें मुंबईंत अशी उद्योगशाळा काढिली. पुढें १८५७ त डेव्हिड ससून यांच्या दातृत्वानें तिला स्थैर्य व त्यांचें नांव प्राप्त झालें.

१८५० सालींच उमेदवारांविषयींचा एकोणिसावा कायदा झाला. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास धंदा शिकण्यासाठीं जास्तींत जास्त सात वर्षें लेखी करारानें उस्तादाकडे ठेवण्याची त्यांत तरतूद होती. आमच्या मतें त्यांतील महत्त्वाचें कलम निराळेंच आहे. भटकेपणा किंवा किरकोळ अपराध यांबद्दल दोषी ठरलेल्या मुलाच्या वतीनें मॅजिस्ट्रेटास पालकाचे सर्व अधिकार तें देतें. म्हणजे दंड करणारा व बापाच्या जागीं उभा राहणारा पुरुष एकच !

धर्मशास्त्राच्या वाचकांस येथें अन्तेवासीचें प्रकरण सहज आठवेल. शिल्प लवकर अवगत झालें तरी ठरलेली मुदत गुरुगृहीं काढावी, अन्न गुरूनें द्यावें व कामाचें फळ गुरूस मिळावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. नारद याहून सूक्ष्म आहे. शिष्यानें आप्तांच्या अनुज्ञेनें यावें, आणि गुरूनें त्यास पुत्रवत् वागवून शिल्पावांचून दुसरें काम सांगूं नये, असा त्याचा निर्बंध आहे. १८५० च्या कायद्यांत आप्तांची जागा मॅजिस्ट्रेटानें घेतली. परंतु मुलगा धंदा शिकतो कीं नुसता राबतो, हें पाहण्यास नारदाचीच कसोटी लावावी लागेल. (आमचें आयुष्य मुलांकडून रूपें घोकवून घेण्यांत गेलें, रंधा धरावयास आम्हीं एकासही शिकविलें नाहीं, हें येथें कबूल करितों.)

१८९७ च्या रिफॉर्मेटरी शाळांच्या कायद्यानें रात्रीं मुलांस वेगळें ठेवण्याची सोय, अन्न, वस्त्र, अंथरूण, पाणी व रुग्णालय यांच्याच पंक्तीस धंदेशिक्षणाचें साधन बसविलें. चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलास, त्याच्याकडून धंद्याचेंच काम घेण्याच्या अटीवर, बाहेरच्या मालकाकडे परवान्यानें राहतां येई. हा कायदा पंधरा वर्षांखालील मुलग्यांपुरता होता. मुलींचा त्यांत विचार नव्हता. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ५३ व्या कलमांतही अन्न, निवारा व वस्त्र यांच्या यादींत कौशल्यविकास आहेच.

कायद्यांचीं पुस्तकें ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. त्यांखालीं झालेले करार मात्र सुतार, लोहार, शिंपी अशा उस्तादांच्या घरच्या दप्तरांत असण्याचा संभव अधिक. सनदा व वतनपत्रें निवडून उरलेला रुमाल रद्दींत देण्यापूर्वीं संग्राहकांनीं त्यांतील उमेदवारीचे कागद वेगळे काढून मंडळाकडे पाठवावे, अशी आमची विनंति आहे. एका करारावरूनही मुलाचें वय, मुदत व ठरलेलें काम कळेल.