मस्तानी: नावाच्या आत काय आहे?

हेडफोन लावलेत ना? आज फक्त एका नावाबद्दल बोलायचंय.

माझं गाव इनामगाव, शिरूर तालुका, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजच्या उत्खननामुळे ते बाहेर माहीत आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी. आज आपण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पाबळला जाऊ. तिथे मस्तानीची कबर आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं थोरल्या बाजीरावांनी तिला इनाम दिली होती.

शाळेत मस्तानी हा शब्द आला की आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. मीसुद्धा. ते बाईचं नाव आहे असं वाटायचंच नाही, कुणीतरी ठेवलेलं टोपणनाव वाटायचं. आणि आता पुण्यात मस्तानी म्हटलं की आधी आईस्क्रीम घातलेला ग्लासच डोळ्यांसमोर येतो!

तर मूळ शब्द 'मस्त'. दिवसातून पन्नासदा आपण म्हणतो तोच. फारसीत त्याचा अर्थ धुंद, नशेत असलेला. संस्कृतातले मद, मत्त, उन्मत्त हे त्याचे चुलत भाऊ, कारण फारसी आणि संस्कृत एकाच जुन्या घरातल्या भाषा. हत्ती माजावर येतो त्यालाही इंग्रजांनी हाच 'मस्त' शब्द उचलला, आणि प्राणिशास्त्रात तो अजून चालतो. मराठीत मात्र 'मस्त' म्हणजे छान आणि 'मस्ती आलीय का?' म्हणजे मार खाण्याची वेळ.

सूफींनी या शब्दाला वेगळंच वळण दिलं. त्यांच्याकडे दारू म्हणजे ईश्वराचं प्रेम, आणि त्यात बुडालेला तो मस्त. मस्त कलंदर हे त्यातलंच. आपल्याकडे भजनात देहभान हरपतं म्हणतात ना, साधारण तसं. म्हणजे ज्या नावाला आम्ही हसत होतो, ते एखाद्या भक्तालाही शोभलं असतं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मस्तला 'आना' जोडलं की मस्ताना, म्हणजे मस्त माणसासारखा. पण फारसीच्या व्याकरणात लिंगभेदच नाही! तिथे बाईसाठी वेगळं रूप करायची गरजच पडत नाही. 'मस्तानी' हे रूप हिंदुस्थानात घडलं. घोडा-घोडी, दिवाना-दिवानी, तसं मस्ताना-मस्तानी. आमच्या कोडच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी बाहेरची, शेवटची ओळ इथल्या माणसाने लिहिलेली. फातिमा, आयेशा ही नावं इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासातून घराघरात आली. मस्तानीला तसा आधार नाही, म्हणून मुलींच्या नावांत ती क्वचितच भेटते.

हे नाव जिथून आलं ते बुंदेलखंडही बघा. 1729 मध्ये बाजीरावांनी महाराजा छत्रसालांना मुहम्मद खान बंगशच्या वेढ्यातून सोडवलं, आणि त्यानंतर मस्तानी पुण्याला आली. ती छत्रसालांची मुलगी, असं परंपरा सांगते. तिच्या जन्माबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. पण छत्रसालांचे गुरू प्राणनाथ, आणि त्यांच्या प्रणामी पंथात कुराण आणि भागवत दोन्हींचा आधार घेतात. अशा दरबारात हे नाव कुणाला खटकलं नसावं. ते खटकलं पुण्यात.

1740 च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिचा मुलगा समशेर बहाद्दर तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा. 1761 मध्ये तो पानिपतला मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले. आईचं नाव शनिवारवाड्याच्या उत्तरेकडच्या दरवाजाला राहिलं.

पाबळ शिक्रापूरहून राजगुरुनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कधी गेलात तर फोटो पाठवा. तुमच्या घरात, ओळखीत एखादं न ऐकलेलं नाव असेल तर व्हॉइस नोट करा, पुढच्या भागात त्याचीही फोड करू.